टिश्यू व्हॉल्व्ह का बिघडतो आणि घरच्यांनी त्याच्यावर नजर कशी ठेवायची

घरात कुणाचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय आणि तो टिश्यूचा आहे, म्हणजे धातूचा नाही, डुकराच्या झडपेचा किंवा गाईबैलाच्या हृदयावरच्या आवरणाचा बनवलेला, तर पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. ऑपरेशननंतर पहिल्या दोनतीन महिन्यांत जो इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला होता त्याचा रिपोर्ट शोधा. सापडला की मोबाईलवर फोटो काढा, दोन झेरॉक्स मारा, एक फाईलला लावा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे, मामाकडे, कुठेही. सोबतचे ते चकचकीत काळे-पांढरे फोटो थर्मल कागदावर असतात, काही वर्षांत पुसट होऊन जातात, त्यामुळे आकडे लिहिलेला कागद महत्त्वाचा. का महत्त्वाचा ते आमच्या घरी काय झालं त्यावरून सांगते.

माझ्या आईचा एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मुख्य नळीच्या तोंडावरचा, २०१२ मध्ये बदलला तेव्हा ती ५८ वर्षांची होती. राहायला गडहिंग्लजजवळच्या गावात, धातूचा बसवला असता तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय तो आकडा) तपासायला सारखं एसटीने जा-ये, ते तिला झेपणारं नव्हतं, म्हणून सर्जननी आमच्याशी नीट बोलून टिश्यूचा बसवला, २१ नंबरचा, म्हणजे २१ साईजचा. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही, चुकलं ते पुढे. "दहा-पंधरा वर्षं आरामात जाईल" हे वाक्य आम्ही ऐकलं आणि त्यालाच गॅरंटी कार्ड समजून बसलो. मधे मधे इको झाले, कधी कोल्हापुरात कधी बेळगावला, दर वेळी आम्ही रिपोर्टची शेवटची ओळ वाचायचो, व्हॉल्व्ह नीट चालू आहे एवढं दिसलं की फाईल बंद. २०२३ मध्ये आई अंगण झाडताना अर्ध्यात धाप लागून पायरीवर बसायला लागली. नव्या कार्डिओलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, ऑपरेशननंतरचा पहिला इको कुठाय, आणि तो शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, माळ्यावरच्या ट्रंकेत साड्यांखाली निघाला. त्या रात्री मी सगळे रिपोर्ट फरशीवर ओळीने मांडले. मीन ग्रेडियंट म्हणून एक आकडा प्रत्येकात होता, झडपेच्या अलीकडे आणि पलीकडे रक्ताच्या दाबात सरासरी किती फरक पडतो तो, झडप अरुंद झाली की हा वाढतो. २०१२ ला १२, २०१४ ला १२, २०१६ ला १४, २०१९ ला १९, २०२१ ला २५ आणि आता ३८. पाचवीतलं पोरही सांगेल की हा चढ आहे. प्रत्येक इको वेगळ्या ठिकाणी, प्रत्येक डॉक्टरसमोर फक्त त्या दिवसाचा कागद, आणि सगळे कागद एकत्र बघायचं काम जे घरच्यांचं होतं ते आम्ही केलंच नाही. २०२१ च्या रिपोर्टखाली तर "व्यवस्थित" असंच लिहिलं होतं.

मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षं आईच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं ते इथे लिहितेय, म्हणजे दुसऱ्या कुणाला ट्रंक उचकायची वेळ येऊ नये.

हा व्हॉल्व्ह आतून काय असतो

आमच्या भागात कातडं कमावणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात भिजवून कमावतात, मग ते सडत नाही, टिकतं. टिश्यू व्हॉल्व्हचंही मूळ तेच आहे. १९६५ मध्ये पॅरिसमध्ये बिने आणि कार्पांतिए या सर्जननी डुकराची झडप माणसाच्या हृदयात बसवली, पण त्या सुरुवातीच्या झडपा थोड्याच वर्षांत खराब झाल्या, शरीराने त्या परक्या म्हणून ओळखल्या आणि सुजवून टाकल्या. मग साठीचं दशक संपता संपता कार्पांतिए यांनी ग्लुटारअल्डिहाइड वापरलं, जे चामड्याच्या धंद्यातही वापरतात. त्याने ऊतीतले कोलॅजनचे धागे एकमेकांना पक्के जखडले जातात, ऊती कुजत नाही आणि शरीरही तिच्यावर पहिल्यासारखं तुटून पडत नाही. आजही बहुतेक टिश्यू व्हॉल्व्ह याच पद्धतीने बनतात, एकतर डुकराची आख्खी झडप किंवा गाईबैलाच्या हृदयावरचं पातळ आवरण कापून, शिवून तीन पाकळ्या.

पण कमावलेलं कातडं म्हणजे मेलेलं कातडं. आपण वर्षभर शेतात अनवाणी फिरलो तरी तळपाय झिजून भोक पडत नाही, कारण खालून नवी कातडी येत राहते, आणि चप्पल मात्र दोन वर्षांत झिजते. व्हॉल्व्हच्या पाकळ्या चपलेच्या गटातल्या. मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाला १ लाखाच्या वर वेळा त्या उघडतात आणि मिटतात, वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त, आणि एकही सुटलेला धागा परत जुळवायला आत जिवंत पेशी नाहीत. दहा-बारा वर्षं त्या तग धरतात हेच मला आता मोठं वाटतं.

(डुकराचा की गाईचा, हा प्रश्न बऱ्याच घरांत धर्माच्या किंवा मनाच्या बाजूने येतो, आणि तो ऑपरेशनच्या आधी सर्जनना सरळ विचारावा, संकोच करू नये. पेशंटला ते कळायला हवं.)

क्षार कुठून येतात

बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तसंच व्हॉल्व्हवर कॅल्शियम चढत असेल असं मला आधी वाटायचं. तसं नाही. ते बरंचसं पाकळीच्या आतून सुरू होतं. जिवंत पेशीच्या बाहेर कॅल्शियम तिच्या आतल्यापेक्षा साधारण १० हजार पट जास्त असतं आणि पेशी रात्रंदिवस पंप चालवून ते बाहेर ढकलत असते. व्हॉल्व्ह बनवताना पेशी मरतात, पंप बंद पडतो, पण त्यांची टरफलं तिथेच राहतात आणि त्या टरफलांत फॉस्फरस असलेले स्निग्ध पदार्थ असतात. रक्तातलं कॅल्शियम आत झिरपतं, तिथल्या फॉस्फरसला भेटतं आणि बारीक बारीक कण धरतात, आपल्या हाडात असतं साधारण त्याच जातीचं खनिज. शिवाय ज्या ग्लुटारअल्डिहाइडमुळे व्हॉल्व्ह टिकतो त्याचीच मोकळी राहिलेली टोकं कॅल्शियमला धरून ठेवायला मदत करतात. म्हणजे ज्या रसायनाने हा व्हॉल्व्ह शक्य झाला त्याच्याच पोटी त्याचा आजार आहे, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. म्हणूनच कंपन्या आता अल्कोहोलसारख्या गोष्टींनी ते स्निग्ध पदार्थ काढून टाकतात, मोकळी टोकं झाकतात, काही नवे व्हॉल्व्ह तर द्रावणात न ठेवता कोरडे ठेवून येतात, आणि त्यांचे पहिल्या सात-आठ वर्षांचे निकाल चांगले आहेत, पंधरा-वीस वर्षांचं कळायला अजून वेळ लागेल.

क्षार सगळीकडे सारखे साचत नाहीत. पाकळी जिथे सगळ्यात जास्त वाकते, म्हणजे दोन पाकळ्या जिथे टेकतात ते कोपरे आणि बुडाची कड, तिथे आधी साचतात. तिथे पाकळी ताठ होते, नीट उघडत नाही, आणि हृदयाला तेवढंच रक्त छोट्या फटीतून ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. आईच्या बाबतीत हेच झालं. दुसरा प्रकार फाटण्याचा, ताठ झालेल्या जागेच्या शेजारी पाकळी चिरते आणि रक्त मागे गळायला लागतं, डुकराच्या झडपेत हा प्रकार तुलनेने जास्त दिसतो. पहिला हळूहळू येतो, दुसरा एका रात्रीत येऊ शकतो, हा फरक घरच्यांनी डोक्यात पक्का ठेवावा.

आणखी एक तिसरी गोष्ट आत चालू असते. गाय, डुक्कर यांच्या ऊतीत अल्फा-गॅल नावाची साखर असते, माणसात ती नसते आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. कमावल्यामुळे ती झाकली जाते, पण पुरती जात नाही. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ही प्रतिपिंडं आणि व्हॉल्व्हमध्ये साचणारे क्षार यांचा संबंध दाखवलाय. शिवाय रक्तातली साखर आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिनंही पाकळीत शिरून चिकटतात आणि तिला कडक करतात.

कुणाचा लवकर जातो

वय हा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि उलटा वाटणारा. तरुण माणसात व्हॉल्व्ह लवकर खराब होतो, लहान मुलांत तर काही वर्षांतच, कारण त्यांच्या अंगात कॅल्शियमची उलाढाल जोरात असते आणि प्रतिकारशक्तीही तिखट असते. सत्तरीतल्या माणसाला जो व्हॉल्व्ह पंधरा वर्षं साथ देतो तो तिशीत पुष्कळदा दहाच्या आत हात टेकतो. म्हणून अमेरिकेच्या २०२० च्या गाईडलाईनमध्ये एओर्टिकसाठी ५० च्या आत धातूचा, ६५ च्या पुढे टिश्यूचा आणि मधल्या वयात पेशंटशी बोलून, असं ढोबळ धोरण आहे. तरीपण आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप गेलेल्या कितीतरी पोरी विशी-तिशीतल्या असतात, आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाला घातक ठरू शकते, त्यामुळे मूल हवंय म्हणून जाणूनबुजून टिश्यूचा बसवला जातो. अशा मुलीला दुसरं ऑपरेशन लागणार हे तिला आणि सासरच्यांना पहिल्या दिवसापासून स्पष्ट माहीत पाहिजे, ऐनवेळी "तेव्हा नाही सांगितलं" असं होऊ नये.

जागाही महत्त्वाची. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) मिटलेली असताना तिच्यावर हृदयाच्या आकुंचनाचा पूर्ण दाब येतो, १२० च्या आसपास, आणि एओर्टिक मिटलेली असताना तिच्यावर खालचा दाब, ८० च्या आसपास. त्यामुळे मायट्रलमधला टिश्यू व्हॉल्व्ह साधारणपणे आधी जातो. किडनी फेल असलेल्यांचा, डायलिसिसवाल्यांचा लवकर जातो कारण कॅल्शियम-फॉस्फरसचं गणितच बिघडलेलं असतं. डायबेटिस, सिगारेट, वाढलेलं बीपी यांचाही वाटा आहे. आणि अंगाच्या मानाने व्हॉल्व्ह लहान पडला तर पहिल्या दिवसापासून त्यातून रक्त जोरात जातं आणि पाकळ्यांवर ताण येतो.

आकडा वाढला म्हणजे व्हॉल्व्ह गेलाच असं नाही

हे मला फार उशिरा कळलं म्हणून वेगळं लिहितेय. ग्रेडियंट वाढायला आणखी कारणं असतात आणि त्यातली काही बरी होणारी असतात.

पाकळीवर रक्ताची गुठळी धरू शकते, अगदी पातळ थर, पाकळी जड होते आणि आकडा चढतो. हे पहिल्या काही वर्षांतही होतं आणि तुलनेने पटकन होतं. साध्या इकोत ते नेहमी दिसत नाही, सीटी करावा लागतो, आणि रक्त पातळ करायचं औषध दिल्यावर बऱ्याच जणांचा आकडा खाली येतो. म्हणून दोनतीन वर्षांतच कुणी "व्हॉल्व्ह खराब झाला, बदलावा लागेल" म्हणालं तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, गुठळी असू शकते का, सीटी करायचा का?" या एका प्रश्नाने कुणाचं ऑपरेशन वाचू शकतं.

अंगात रक्त कमी असेल, ताप असेल, थायरॉइड वाढलेला असेल, गरोदरपण असेल, तर हृदयातून रक्तच जोरात वाहतं आणि आकडा थोडा वाढतो, झडप मात्र ठीक असते. मग व्हॉल्व्हच्या कडेने गळणं वेगळं, तिथे टाका ढिला झालेला असतो, पाकळीचा दोष नसतो, आणि त्यात कधी कधी रक्तातल्या लाल पेशी फुटून लघवी गडद होते, अंगातलं रक्त कमी होतं. आपल्याच शरीराची ऊती वाढून व्हॉल्व्हच्या तोंडाशी येणं हे आणखी वेगळं. आणि जंतू बसणं, ते सगळ्यात वाईट, त्याबद्दल खाली.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. पहिल्या पानावर व्हॉल्व्हचं कार्ड चिकटवा किंवा त्यावरचं सगळं उतरवून घ्या, कंपनी, मॉडेल, नंबर म्हणजे साईज, सिरियल नंबर, ऑपरेशनची तारीख. हे कार्ड डिस्चार्जच्या वेळी देतात, पुष्कळ लोक ते बिलांच्या गठ्ठ्यात हरवून टाकतात. हरवलं असेल तर ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्डमधून ऑपरेशन नोट्स मागा, आणि आजच मागा, कारण जितकी वर्षं जातील तितकं ते मिळणं अवघड होतं. साईज का हवी तर पुढे दुसरा व्हॉल्व्ह कसा बसवायचा हे त्यावरून ठरतं.

मग प्रत्येक इकोला एक ओळ. तारीख, कुठे काढला, त्यावेळचं बीपी आणि हार्ट रेट, मीन ग्रेडियंट, व्हॉल्व्हचा एरिया (उघडल्यावर रक्ताला किती वाट मिळते), डीव्हीआय, गळती किती, आणि ईएफ म्हणजे हृदयाचा पंप किती टक्के. एवढंच. डीव्हीआय म्हणजे झडपेच्या अलीकडचा वेग भागिले झडपेतला वेग, यात रक्त जोरात वाहण्याचा परिणाम दोन्हीकडे येतो म्हणून कापला जातो, आणि झडप खरंच अरुंद झालीय की नुसतं रक्तच जोरात धावतंय ते ओळखायला त्याचा उपयोग होतो. पुष्कळ रिपोर्टमध्ये तो लिहिलेला नसतो, आधीच सांगितलं तर लिहून देतात. मायट्रल असेल तर आकडे एकदम वेगळे, चांगल्या चालणाऱ्या व्हॉल्व्हचा मीन ग्रेडियंट ३ ते ५ च्या आसपास असतो आणि तो हार्ट रेटवर फार अवलंबून असतो, ९० च्या रेटला काढलेला आणि ६० च्या रेटला काढलेला आकडा एकाच मापाने मोजू नका.

एओर्टिकसाठी डॉक्टर मंडळींनी २०२१ मध्ये एक सर्वसाधारण माप ठरवलंय. पहिल्या इकोपेक्षा मीन ग्रेडियंट १० किंवा जास्त वाढून २० किंवा त्याच्या वर पोचला आणि सोबत एरिया किंवा डीव्हीआय कमी झाला, तर व्हॉल्व्ह मध्यम प्रमाणात बिघडलाय असं धरतात. २० किंवा जास्त वाढून ३० किंवा त्याच्या वर गेला तर जास्त बिघडलाय. नीट बघा, सगळी मोजणी पहिल्या इकोपासून आहे. कुणाचा व्हॉल्व्ह लहान असल्यामुळे पहिल्या दिवसापासूनच १८ असतो आणि दहा वर्षं १८ च राहतो, तो बिघडलेला नाही. दुसऱ्याचा ८ वरून २० वर आलाय, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं, जरी कागदावर दोघांचे आकडे जवळजवळ सारखे दिसत असले तरी. आमच्या आईचा २०२१ चा २५ या मापात बसत होता. १२ कुठे लिहिलाय हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून निसटला.

इको किती वेळा काढायचा यावर मतं आहेत. अमेरिकेची गाईडलाईन पहिल्या इकोनंतर ५ व्या आणि १० व्या वर्षी आणि मग दरवर्षी म्हणते, युरोपची पहिल्या वर्षापासून दरवर्षी. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून बसवलेल्या व्हॉल्व्हला दोघंही दरवर्षी सांगतात. मी म्हणेन दरवर्षी काढा, शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात, आणि वही सोबत न्या. इको करणाऱ्या डॉक्टरांना आत गेल्या गेल्या सांगा की मागचा आकडा इतका होता. कुणी रागावत नाही, उलट बरेच जण प्रोब ठेवून परत एकदा नीट बघतात, माझा अनुभव आहे.

घरी काय सांभाळायचं

दात. हो, दातच. तोंडातले जंतू रक्तात जातात आणि कृत्रिम झडपेवर बसतात, आणि एकदा बसले की आठवडेच्या आठवडे शिरेतून अँटिबायोटिक आणि कधी कधी परत ऑपरेशन. दर सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जा, आणि दात काढायचा असेल, हिरड्यांची खोल सफाई असेल तर व्हॉल्व्ह आहे हे आधी सांगा. साधारणपणे मोठ्या माणसाला अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच देतात, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं, पण ते डॉक्टरनीच ठरवायचं. आपल्याकडच्या बायकांची मशेरी हा मोठा विषय आहे. माझी आई लग्नाआधीपासून लावायची, हिरड्या पार खराब झालेल्या, ऑपरेशननंतर सोडली, चार वर्षांनी परत सुरू केली ती पण चोरून. तिच्यावर ओरडून काही झालं नाही. दाताच्या डॉक्टरबाईंनी आरशात हिरडीतून येणारं रक्त दाखवलं, आणि हेच रक्त तुमच्या झडपेकडे जातं मावशी असं सांगितलं, तेव्हा सोडली.

ताप. टिश्यू व्हॉल्व्ह असलेल्या माणसाला कारण न कळणारा ताप आला, थंडी वाजून आली, दोनतीन दिवस झाले तरी उतरेना, तर पहिलं अँटिबायोटिक पोटात जायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात कुठले जंतू आहेत ते शोधायची तपासणी) झालं पाहिजे, वेगवेगळ्या जागांहून दोनतीन वेळा रक्त घेऊन. आधी गोळी खाल्ली की कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि डॉक्टरांना अंधारात औषध द्यावं लागतं. गावातल्या डॉक्टरांना झडपेचं ठाऊक नसतं आणि आपण सांगत नाही, आम्हीही एकदा सांगितलं नव्हतं, नशिबाने तो ताप साधा निघाला. आता आईच्या पर्समध्ये आणि मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी आहे, "हृदयात कृत्रिम झडप आहे, तापात अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर".

बीपी आटोक्यात, साखर आटोक्यात, तंबाखू-सिगारेट बंद, किडनीची तपासणी वर्षातून एकदा. ॲस्पिरिन किंवा जी काही रक्त पातळ करायची गोळी लिहिली असेल ती स्वतःहून बंद करायची नाही, अगदी दात काढायलाही विचारल्याशिवाय नाही. कोलेस्टेरॉलची गोळी ज्या कारणासाठी दिलीय त्यासाठी घ्यावी, पण तिने व्हॉल्व्ह जास्त टिकतो असं अजून सिद्ध झालेलं नाही.

आणि दूध. शेजारच्या काकूंनी सांगितलं झडपेत कॅल्शियम साचतं, तर आईने दूध, ताक, नाचणी सगळं बंद केलं होतं. तसं करायची गरज नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर एका ठराविक पातळीवर धरून ठेवतं, खाण्यातून मिळालं नाही तर हाडांतून ओढून घेतं, म्हणजे झडप वाचत नाही आणि कंबर जाते. फक्त कॅल्शियमच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत, किडनीचा त्रास असेल तर अजिबातच नाही.

कधी थांबायचं नाही

आधी जो जिना एका दमात चढायचा त्यात आता मधे उभं राहावं लागतं, चालताना छाती भरून येते, चक्कर, संध्याकाळी पायावर सूज, रात्री उशी वाढवावी लागते, हे दिसलं तर वर्षाच्या इकोची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा. आपली माणसं सांगत नाहीत, "वय झालं आता" म्हणतात. म्हणून विचारू नका, बघा. आई पाण्याची घागर दोन खेपांऐवजी चार खेपांत अर्धी अर्धी आणायला लागली होती, ते मला दिसलं होतं आणि मी अर्थ लावला नाही. आणि अचानक, तासा-दोन तासांत, आडवं झोपताच येईना, गुलाबी फेस येणारा खोकला, घाम, तर पाकळी फाटलेली असू शकते, त्यावेळी फॅमिली डॉक्टर नाही, फोनाफोनी नाही, १०८ लावा आणि हार्ट सर्जरीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.

खरंच गेला तर

दोन रस्ते. एक परत छाती उघडून ऑपरेशन, दुसरा मांडीच्या रक्तवाहिनीतून जुन्या व्हॉल्व्हच्या आतच नवा बसवणं. मांडीतून व्हॉल्व्ह बसवायची सुरुवात फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये केली आणि आता आपल्याकडेही मोठ्या शहरांत होतं, वापीच्या मेरिल कंपनीचा मायवाल हा भारतात बनलेला व्हॉल्व्हही त्यासाठी वापरतात. ऐकायला दुसरा रस्ता सोपा वाटतो, वयस्कर किंवा थकलेल्या माणसाला तो खरंच वरदान आहे. पण जुना व्हॉल्व्ह २१ किंवा त्याहून लहान असेल तर आत दुसरा बसवल्यावर वाट आणखी अरुंद होते, डब्यात डबा घातल्यासारखी, आणि आकडा पुरेसा उतरत नाही. कधी जुन्या पाकळ्या बाजूला ढकलल्या जाऊन हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीचं तोंड झाकायची भीती असते, ते आधी सीटीवर मोजतात. म्हणून ज्यांचं पहिलं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी सर्जनना आत्ताच विचारावं, "दहा-बारा वर्षांनी हा गेला तर पुढचा कसा बसवणार? शक्य तेवढा मोठा बसेल का, झडप जिथे बसते ती मुळाची जागा वाढवता येईल का?" हा प्रश्न आम्ही २०१२ ला विचारायला हवा होता.

वेळही महत्त्वाची. पंप चांगला असताना, ठरवून केलेलं दुसरं ऑपरेशन आणि धाप लागून रात्री दोन वाजता ॲडमिट होऊन केलेलं ऑपरेशन यांच्या धोक्यात खूप अंतर आहे. वही त्यासाठीच. पैशाचं म्हणाल तर झडप बदलायची शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत येते, आपल्या केसमध्ये नक्की काय बसतं ते योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून आधीच विचारून ठेवा, घाईच्या दिवशी नको.

आईचं दुसरं ऑपरेशन २०२३ च्या दिवाळीनंतर झालं, छाती उघडूनच, कारण २१ मध्ये दुसरा नीट बसणार नव्हता. सर्जननी मूळ रुंद करून २३ नंबरचा बसवला. बाहेर काढलेला जुना व्हॉल्व्ह त्यांनी मला ट्रेमध्ये दाखवला, एक पाकळी अजून मऊ होती, दोन पाकळ्यांचे कोपरे अंड्याच्या कवचासारखे कडक, पांढरट. अकरा वर्षं त्यातून माझ्या आईचं रक्त गेलं होतं, मी त्याला हात जोडले. दोन महिन्यांनी पहिला इको झाला, मीन ग्रेडियंट ९, बीपी १३०/८०, हार्ट रेट ७२. वहीची पहिली ओळ तीच आहे, आईने स्वतःच्या हाताने लिहिलीय, आणि एक झेरॉक्स माझ्याकडे, एक मामाकडे.